पालकांना पालकांचा आधार

दिव्यांग बालकाच्या कल्याणाचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे त्या बालकाकडे जाते. त्याचे प्रमाणपत्र, त्याची उपकरणे, त्याची शाळा आणि त्याचे उपचार यांचा विचार शासन करते, संस्था करतात आणि शिक्षकही करतात. तो आवश्यकच आहे. परंतु डॉक्टर त्या बालकाला महिन्यातून काही मिनिटे पाहतात, शिक्षक दिवसातून पाच-सहा तास पाहतात. उरलेला सर्व काळ ते बालक आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या हाती असते. तिचे धैर्य खचले, तर व्यायाम थांबतो, औषधात खंड पडतो, शाळेची वाट सुटते आणि कागदावरील योजना कागदावरच राहते. म्हणून त्या आईला कोण सावरणार, हा प्रश्न बालकाच्या कल्याणाइतकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे एक साधे, अल्पखर्चाचे आणि अनेक देशांत अनुभवास आलेले उत्तर असे आहे की, तिला सावरण्याचे काम त्याच वाटेने आधी गेलेला दुसरा पालक उत्तम रीतीने करू शकतो. या कामाचे स्वरूप आणि त्यात ग्रामपातळीवरील यंत्रणेचा वाटा यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकटेपणाचे ओझे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले गेले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, अध्ययन अक्षमता, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया अशा अवस्थांना त्यात स्पष्ट स्थान मिळाले. संख्या राज्याच्या पातळीवर मोठी दिसते. प्रत्यक्ष गावात मात्र अशी घरे एक-दोनच असतात, आणि एकाच प्रकारचे दिव्यांगत्व असलेली दोन बालके एका वाडीत क्वचितच आढळतात. त्यामुळे ‘हे आपल्याच वाट्याला का आले?’ असे प्रत्येक कुटुंबाला वाटत राहते.

या एकटेपणात गैरसमजांची भर पडते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कोणाचा तरी शाप लागला, मागील जन्मीचे फळ मिळाले, अशी कारणे सांगितली जातात आणि दोषाचे बोट बहुधा आईकडे वळते. मुलाला जत्रेत, लग्नात, हळदीकुंकवाला नेणे ती हळूहळू सोडते. वडील कामात गुंततात आणि बोलणे टाळतात. कोणी मांत्रिक सुचवितो, कोणी दूरच्या शहरातील खात्रीचा उपाय सांगतो. पैसा जातो आणि कर्ज उरते. एका प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा झाल्या की तितक्या दिवसांची मजुरीही बुडते. या सर्व काळात ‘तुम्हांला काय होते ते मला ठाऊक आहे’ असे खरेपणाने म्हणू शकणारा माणूस तिला भेटलेला नसतो.

समान अनुभवाचे बळ

अनुभवी पालकाच्या शब्दाला वजन येते ते कशामुळे? पहिले कारण विश्वासाचे आहे. डॉक्टरांनी सांगितलेले धीराचे शब्द चांगलेच असतात, पण आईच्या मनात शंका राहते की, यांना घरातले काय कळणार? तेच शब्द आपल्यासारख्याच मुलाला कडेवर घेतलेल्या स्त्रीने उच्चारले, तर ती शंका उरत नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ व्यायाम दाखवितात. तो आंघोळ घालताना कसा उरकावा, शेतावर जायच्या दिवशी कोणावर सोपवावा, रडणाऱ्या मुलाकडून कसा करून घ्यावा, हे दुसरी आई सांगते. कोणत्या दिवशी रुग्णालयात तपासणी असते, अर्जासोबत कोणती झेरॉक्स लागते, कोणत्या खिडकीवर उभे राहावे, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते पायपीट केलेल्यापाशी असते.

तिसरे कारण फारसे ध्यानात घेतले जात नाही. मदत देणाऱ्यालाही मदत होते. वर्षानुवर्षे केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत राहिलेल्या आईला आपल्या कष्टातून मिळालेले शहाणपण दुसऱ्याच्या उपयोगी पडते, असे दिसते तेव्हा तिचा स्वतःविषयीचा आदर वाढतो. चौथे कारण सामुदायिक आहे. एक आई तहसील कार्यालयात गेली तर ती अर्जदार असते. दहा पालक एकत्र गेले तर त्यांचे म्हणणे गावाचे म्हणणे ठरते. महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. महिला बचत गटांनी ते पैशाच्या व्यवहारात सिद्ध करून दाखविले आहे.

या विचाराची वाटचाल

दिव्यांग बालकांसाठीच्या अनेक मोठ्या कार्यांचा उगम पालकांच्या घरातच झाला आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच शिकविण्याची सोय केली. तीतून पुढे जय वकील शाळा उभी राहिली. १९७२ साली मिथू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

पालकांनी पालकांना शोधून एकत्र येण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. १९४६ साली जूडी फ्राइड या मातेने बालसंगोपनविषयक एका नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना संपर्क साधण्याचे आवाहन केले. त्यांच्या मुलीला बौद्धिक दिव्यांगत्व होते आणि तिच्यासाठी योग्य शाळा मिळत नव्हती. त्या पत्राला देशभरातून पालकांची उत्तरे आली आणि त्यांतून जी संघटना उभी राहिली, ती आज मेनकॅप या नावाने ओळखली जाते.

अमेरिकेतील ओमाहा शहरात १९७१ साली याच विचाराला पद्धतशीर रूप मिळाले. तेथे नुकतेच निदान झालेल्या बालकाच्या पालकाची गाठ त्याच प्रकारच्या बालकाला वाढविणाऱ्या अनुभवी पालकाशी घालून दिली जाई. अनुभवी पालकाला आधी थोडे प्रशिक्षण दिले जाई. ऐकावे कसे, सल्ला केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा होता. ही पद्धत पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांत पसरली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा कार्यक्रमांच्या बहुकेंद्री अभ्यासात शेकडा ८० हून अधिक पालकांनी या भेटी उपयुक्त ठरल्याचे सांगितले.

आपल्या देशात पालक संघटनांना कायद्यानेही स्थान दिले आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. स्वयंसेवी संस्थांप्रमाणेच पालकांच्या संघटनाही या अधिनियमाखाली न्यासाकडे नोंदणी करू शकतात. न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांचे तीन प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद त्यात आहे. पालकांनी एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी निवासी सोय उभी केल्याचे उदाहरण आपल्या राज्यात बदलापूर येथील ‘आधार’ या संस्थेच्या रूपाने पाहावयास मिळते.

गटात नेमके काय घडते?

पालकांचा गट म्हणजे केवळ दुःख सांगण्याची जागा, अशी काहींची समजूत असते. मन मोकळे होणे हा त्याचा पहिला लाभ आहेच. परंतु चांगल्या गटात शिकणेही घडते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकाला भरविण्याचेच उदाहरण घेता येईल. अनेक घरांत अशा बालकाला आडवे निजवून पातळ पेज पाजली जाते. अन्न श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो, छातीचे आजार वारंवार होतात आणि बालक अशक्त राहते. त्याला पाठीला आधार देऊन शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली राहील असे पाहावे, मऊ पण दाटसर घास हळूहळू द्यावा, आणि भरविल्यानंतर लगेच आडवे करू नये. हे तज्ज्ञांचे सांगणे एखादी आई गटात सर्वांसमोर आपल्या मुलाला भरवून दाखविते, तेव्हा ते पाहणारीच्या हातात उतरते. सुताराकडून करवून घेतलेले कोपऱ्याच्या आकाराचे आसन, घडी घातलेल्या गोधडीचा टेकू अशा युक्त्याही याच वाटेने घरोघर पोहोचतात.

अपस्माराच्या झटक्याविषयीही असेच म्हणता येईल. झटका आला की कांदा अथवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार अद्याप दिसतात. बालकाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये, झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि रोजचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये, एवढे ज्ञान प्रत्येक पालकापर्यंत जाणे अगत्याचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर गटाच्या बैठकीस अधूनमधून उपस्थित राहिले, तर हे काम अल्पावधीत होते.

यासाठी एकेका दिव्यांगत्वाचा स्वतंत्र गट असावाच असे नाही. मोठ्या गावात किंवा शहरात तो शक्य होतो. खेड्यात सर्व प्रकारच्या बालकांच्या पालकांचा एकच गट असावा आणि नव्या पालकाची जोडी मात्र शक्यतो समान अवस्थेतील बालकाच्या अनुभवी पालकाशी जुळवावी. तो पालक शेजारच्या गावचा असला तरी चालते. महिन्याची एक भेट आणि मधल्या काळात दूरध्वनीवरील बोलणे एवढेही पुष्कळ असते.

उपलब्ध यंत्रणेचा उपयोग

या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. गटाला बालकांपर्यंत नेणारे दुवे आज प्रत्येक तालुक्यात आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात आणि आवश्यक त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. दिव्यांग बालकांसाठीची अंगणवाडी कार्यपद्धती केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. तिच्यात लवकर ओळख आणि संदर्भसेवा यांच्या जोडीला कुटुंबाचे सक्षमीकरण हाही टप्पा आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक आहेत आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांसाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे.

शाळा व्यवस्थापन समितीकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतील बालकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश वंचित घटकात झाला. म्हणजेच दिव्यांग बालकाची आई समितीवर असणे हे कायद्याला धरूनच आहे. तिच्या पाठीशी पालकांचा गट असला, तर शाळेचा उतार, स्वच्छतागृहाचा रुंद दरवाजा, वर्गाची तळमजल्यावरील जागा हे विषय ती ठामपणे मांडू शकते.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. या रकमेचा विनियोग कसा व्हावा, हे ठरविताना पालकांच्या गटाशी चर्चा केल्यास खर्च खऱ्या गरजेवर होईल. ज्या घरात चाकांच्या खुर्चीची गरज नाही तेथे ती अडगळ होते. ज्या घरात ती हवी असते तेथील आई मुलाला पाठीवर वाहून नेत असते.

सुरुवात कशी करावी?

प्रथम कुटुंबे शोधावीत. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि मुख्याध्यापक यांच्याकडील माहिती एकत्र केली, तर केंद्रशाळेच्या परिसरातील सहा ते दहा कुटुंबे सहज सापडतात. आरंभाला एवढी संख्या पुरेशी आहे. प्रत्येक घरी कोणीतरी समक्ष जाऊन निमंत्रण द्यावे. नोटीस फलकावरील सूचनेने हे पालक येणार नाहीत.

बैठकीचा दिवस निश्चित असावा. आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा ठरतो, कारण त्या दिवशी आसपासच्या वाड्यांतील माणसे येतच असतात आणि प्रवासाचा वेगळा खर्च पडत नाही. जागा पायऱ्या नसलेली असावी. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह जवळ असावे. मुलांना सोबत आणण्यास मोकळीक असावी आणि बैठकीच्या वेळी त्यांना सांभाळण्यास दोन स्वयंसेवक ठेवावेत. वडिलांना आवर्जून बोलवावे, आजीआजोबांनाही बोलवावे, कारण घरातील निर्णय पुष्कळदा त्यांच्या हाती असतात.

बैठकीचे नियम थोडेच असावेत. येथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही, हा पहिला. कोणी कोणाला उपदेश करावयाचा नाही, आपण काय केले तेवढे सांगावयाचे, हा दुसरा. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने गप्प बसले तरी चालेल, हा तिसरा. एका वहीत पुढील कामाची नोंद ठेवावी. कोणाचे वैश्विक ओळखपत्र राहिले आहे, कोणाला निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घालावयाचे आहे, कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश अडला आहे, हे पुढील भेटीत वाचून पाहावे. राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेतील चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची तरतूद आहे, एवढी एक माहितीही अनेक पालकांना अशा बैठकीतच प्रथम कळते.

काही सावधगिरी

चांगल्या कामालाही मर्यादा असतात. गट हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. एकाच्या मुलाला लागू पडलेले औषध दुसऱ्याने घेऊ नये. हमखास बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यांना गटात प्रवेश देऊ नये. ज्या पालकाला तीव्र नैराश्य आले आहे, त्याला मानसोपचाराची मदत मिळवून द्यावी. तेवढे काम गटाकडून होणार नाही. बालकांची छायाचित्रे काढून ती प्रसिद्ध करण्याचा मोहही टाळावा.

अधिकारी आणि पदाधिकारी यांच्यासाठीही एक सूचना करावीशी वाटते. गट जमविण्यास त्यांचे साहाय्य अमूल्य आहे, परंतु बैठक त्यांची होता कामा नये. व्यासपीठ, हार आणि भाषणे आली की पालक श्रोते होतात आणि बोलणे थांबते. पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर सूत्रे पालकांच्या हाती द्यावीत. ग्रामसेवकांनी जागा द्यावी, शिक्षकांनी अर्ज भरण्यास मदत करावी, पंचायत सदस्यांनी अडलेले काम पुढे न्यावे, आणि बोलाविल्याखेरीज मध्ये बोलू नये.

‘आमच्यानंतर काय?’

बालक लहान असते तोवर उपचार आणि शाळा हे प्रश्न असतात. ते मोठे होऊ लागले की प्रत्येक पालकाच्या मनात एकच प्रश्न घर करतो. आम्ही गेल्यानंतर याचे काय होणार? हा प्रश्न पालक बहुधा घरातही उच्चारीत नाहीत. गटात तो उच्चारला जातो आणि मग त्याच्या उत्तराचा शोध सुरू होतो. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कक्षेतील व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यानंतर तिच्यासाठी पालकत्वाची रीतसर नेमणूक करता येते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेली स्थानिक स्तर समिती असते. भावंडांशी वेळीच बोलणे, मालमत्तेची व्यवस्था करणे, मुलाला स्वतःची कामे स्वतः करण्यास शिकविणे, ही तयारी दहा वर्षे आधी सुरू करावी लागते, आणि ती कोणीतरी आधी केलेली पाहिली तरच इतरांना सुचते.

३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग कार्यान्वित झाला. विभाग, योजना आणि कायदे यांची चौकट आज उपलब्ध आहे. त्या चौकटीत आपले बालक कोठे बसते, हे शोधताना थकून गेलेल्या आईला तालुक्यातील दुसऱ्या आईचा पत्ता मिळवून देणे, एवढे काम कोणत्याही अंगणवाडी सेविकेला, शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला करता येण्यासारखे आहे. त्यासाठी निधीची मंजुरी लागत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी शाळेची एक खोली उघडी ठेवावी आणि सहा घरी निरोप धाडावा. पुढची वाट ते पालक स्वतः काढतील.